नावाने मारलेली हाक

मननासाठी शास्त्रभाग : उत्पत्ति, अध्याय १६ वा, व अध्याय २१ वा, ओव्या ९ ते २१



काही वर्षांपूर्वी एका लहान खेड्यातील मंडळीत एका वृद्ध भगिनीच्या दफनविधीसाठी जाण्याचा प्रसंग मजवर आला. खाच खणून तयार होती, मंडळी जमली होती, आणि मी नोंदवही उघडून तिच्या थोरल्या मुलास विचारिले, "आईचे नाव काय लिहू?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. घरात ती 'आये' होती. शेजारीपाजारी तिला मुलाच्या नावावरून 'अमक्याची आई' म्हणत. नवरा जिवंत असता 'अगं, ऐकलंस का' एवढ्यावरच त्याचे भागत असे. मतदारांच्या यादीत जे नाव होते ते लग्नात सासरच्यांनी ठेविलेले. परंतु त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचे कोणास आठवेना. शेवटी तिच्या माहेरची एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, ती हळूच म्हणाली, "तिचं नाव नकुशा."

त्यावर कोणी काही बोलले नाही. आपल्या भागात या नावाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. मुलीमागून मुलगी झाली आणि ती नकोशी झाली, म्हणून तिच्या पाळण्याला हे नाव बांधिले. मी नोंदवहीत काय लिहिले ते पुढे सांगेन. त्या दिवशी घरी परतताना मात्र उत्पत्तीच्या पुस्तकातील सोळावा अध्याय माझ्या मनात घोळू लागला, आणि तोच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हा अध्याय सावकाश वाचून पाहा. ग्रंथकर्ता पहिल्याच ओवीत आपणांस त्या मिसरी बाईचे नाव सांगतो. परंतु अब्रामाच्या बिऱ्हाडात ते कोणाच्याही तोंडी येत नाही. साराय नवऱ्याशी बोलते ती 'माझी दासी' म्हणून. अब्राम उत्तर देतो तो 'तुझी दासी' म्हणून. त्या दोघांना तिच्या पोटचा वारस हवा होता, तिची कूस हवी होती, तिचे नाव त्यांस लागत नव्हते. पुढे छळ सोसेना तेव्हा ती पळाली. शूरच्या वाटेवर, म्हणजे तिच्या मायदेशाकडे जाणाऱ्या रानवाटेवर, एका झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताने तिला गाठले. त्याच्या तोंडून जो पहिला शब्द निघाला तो तिचे नाव. या कथेत हागार हे नाव प्रत्यक्ष उच्चारलेले आपण येथे प्रथम ऐकतो. त्या नावाला 'सारायची दासी' हे शब्दही दूताने जोडिले आहेत, ही गोष्ट मी लपवीत नाही. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

अब्राहाम, सारा, इसहाक, याकोब या नावांचे अर्थ अथवा त्यांमागील प्रसंग शास्त्र आपणांस उलगडून दाखविते. हागार या नावाचा अर्थ मात्र ते कोठेच सांगत नाही. नावाला अर्थ नाही, घराण्याचा आधार नाही. ज्याने हाक मारिली त्याने ती नावाने मारिली एवढेच. आणि त्या हाकेने तिला केवढे धैर्य आले पाहा! तिने उलट देवालाच नाव दिले. मला पाहणारा देव, असे ती त्याला म्हणाली. अब्रामाने वेद्या बांधिल्या, त्याला वचने मिळाली. परंतु देवाला स्वतः नाव देणारी व्यक्ती म्हणून ग्रंथाने प्रथम जिची नोंद केली ती ही पळून आलेली दासी होय. (आपल्या मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे. नव्या सुनेच्या वाट्यास ही दोन्ही एकाच आठवड्यात येतात, हे आपल्या भगिनी जाणतात.)

आता मनुष्ये एकमेकांस नावे कशी देतात ते थोडे पाहू. जगातील बहुतेक आडनावांचा उगम दोनचार गोष्टींतच सापडतो : बापाचे नाव, गाव, धंदा, किंवा शेजाऱ्यांनी टिपलेले एखादे लक्षण. इंग्लंडातील स्मिथ, जर्मनीतील श्मिट, हंगेरीतील कोवाच आणि आपल्याकडील लोहार ही अर्थाने एकच आडनावे आहेत. चौघांच्याही पूर्वजांनी ऐरणीवर घण घातला. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा, आणि जॉन हा मूळचा इब्री योहानान, म्हणजे 'यहोवाने कृपा केली'. पोर्तुगिजांचे फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, आणि परेरा म्हणजे नासपतीचे झाड. गोव्यात ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याची किंवा धर्मपित्याची म्हणून मिळाली. तेव्हा नासपतीचे झाड जन्मात न पाहिलेली परेरांची घराणी तेथे नांदत आहेत. आइसलंडात अजूनही बहुतेक लोक बापाच्या, कधी आईच्या, नावापुढे मुलासाठी 'सोन' आणि मुलीसाठी 'दोत्तिर' जोडितात, म्हणून तेथे आडनाव पिढीगणिक बदलते. ब्रह्मदेशी लोकांत आडनावाची चालच नाही. उलट जपानात १८७५ साली आणि तुर्कस्तानात १९३४ साली प्रत्येक प्रजाजनाने आडनाव घेतलेच पाहिजे असा कायदा झाला. सरकारला आपली माणसे नीट मोजावयाची असली म्हणजे त्याला आडनावाची गरज भासते.

आपल्या कोकणपट्टीतील बेने इस्राएल लोकांचे उदाहरण मला विशेष मनोरम वाटते. पेण येथील ते पेणकर, नवगावचे ते नवगावकर, किहीमचे ते किहीमकर, अशी त्यांनी शेजाऱ्यांप्रमाणेच गावांवरून आडनावे घेतली. त्यांच्यापैकी पुष्कळ जण तेल गाळण्याचा धंदा करीत. परंतु शब्बाथदिवशी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून गावकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. ते नाव त्यांनी मागितले नव्हते, गावाने ठेविले. तथापि त्यांच्या पाळणुकीची एवढी चांगली साक्ष दुसऱ्या कोणत्या कागदात सापडेल? आपले 'ख्रिस्ती' हे नावही आपण स्वतः घेतलेले नव्हे. अंत्युखियाच्या लोकांनी ते शिष्यांस दिले, आणि बहुधा थट्टेने दिले.

परंतु गावाने दिलेली सर्वच नावे अशी नसतात. आपल्याकडे "आडनाव काय?" हा प्रश्न पुष्कळदा आडनावासाठी विचारिला जात नाही. आगगाडीत शेजारी बसलेला मनुष्य विचारितो, घरमालक विचारितो, शाळेत नवा आलेला मास्तर विचारितो, पहिल्या उत्तराने समाधान न झाल्यास "मूळ गाव कोणते?" असा दुसरा प्रश्न येतो, आणि मग त्याच्या मुद्रेवर जो फरक पडतो तो आपल्यांपैकी पुष्कळांनी लहानपणापासून पाहिला आहे. यास्तव आपले काही तरुण राजपत्रात जाहीर करून आडनाव बदलून घेतात, आणि वडील मंडळी त्यांजवर रुष्ट होतात. मला या बाबतीत निवाडा विचारण्यात येतो. मी इतकेच म्हणतो की, जो आपला बाप लपविण्यासाठी नाव बदलतो त्याजबद्दल मला वाईट वाटते; परंतु जो दुसऱ्याने गळ्यात घातलेली दोरी काढून टाकण्यासाठी ते बदलतो त्याला दोष देण्यास मी धजत नाही. या दोहोंतील भेद बाहेरून दिसत नाही. तो त्याला आणि त्याच्या देवाला ठाऊक.

अमेरिकेत न्यूयॉर्क प्रांतात १७९७ च्या सुमारास गुलाम आईबापांच्या पोटी इझाबेला नावाची एक मुलगी जन्मली. गुलामाला आडनाव असलेच तर ते धन्याचे. एका हातातून दुसऱ्या हातात विक्री झाली की तेही बदले. ती कित्येकदा विकली गेली. १८२७ साली त्या प्रांतातील गुलामगिरी कायद्याने संपली; इझाबेला त्याच्या आदल्याच वर्षी तान्ही मुलगी कडेवर घेऊन धन्याच्या घरातून निघून गेली होती. पुढे १८४३ साली ती उपदेश करीत गावोगाव फिरण्यास निघाली, तेव्हा तिने धन्यांची सारी नावे टाकून 'सोजर्नर ट्रुथ', म्हणजे जणू सत्याची यात्रेकरू, हे नाव घेतले. हे नाव आपणांस प्रभूकडून मिळाले, असे ती सांगत असे. तिला लिहितावाचता येत नव्हते. परंतु ज्या नावाने जग आज तिला ओळखते ते धन्याच्या वहीतले नव्हे.

येथे कोणी विचारील, तर मग ख्रिस्ताकडे येणाऱ्या प्रत्येकाने नाव बदलावे काय? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत जुना आहे. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोऱ्हे झाले. पंडिता रमाबाईंना १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा मिळाला तेव्हा 'मेरी रमा' हे नाव देण्यात आले, तरी महाराष्ट्राने त्यांस रमाबाई म्हणूनच ओळखिले. आणि नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते नारायण वामन टिळकच राहिले. तिघांच्याही विश्वासाविषयी शंका घेणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही.

शास्त्रही या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा उदार आहे. शौलाला दिमिष्काच्या वाटेवर प्रभू भेटला आणि त्याचा पौल झाला, असे आम्ही पाळकच उपासनेत पुष्कळदा सांगतो. परंतु तसे कोठे लिहिलेले नाही. त्या वाटेवर प्रभूने त्याला शौल याच नावाने हाक मारिली, तीही दोनदा. पुढे पुष्कळ काळाने, कुप्र बेटातील हकीकत सांगताना, त्याला पौलही म्हणत असत एवढेच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगते. दानीएलाला बाबेलात बेलटशस्सर हे नाव देण्यात आले, आणि ते आपल्या देवाच्या नावावरून दिले असे नबुखद्नेस्सर राजा स्वतः बोलून दाखवितो. दानीएलाने राजाचे अन्न नाकारिले. नावासाठी तो भांडल्याचे मात्र कोठे आढळत नाही. कोणत्या गोष्टीसाठी जीव धोक्यात घालावा हे त्याला समजत होते. तसेच पौलाचे सहकारी पाहा. फीबी, अपुल्लो, एपफ्रदीत ही सर्व ग्रीक देवदेवतांच्या नावांशी जोडलेली नावे आहेत. एपफ्रदीत तर अफ्रोदीती देवीच्या नावावरूनच आला आहे. तरी पौल त्यांचा तीच नावे घेऊन उल्लेख करितो, आणि कोणाच्याही बाप्तिस्म्याची नव्याने चौकशी करीत नाही.

रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायाकडे थोडे थांबून पाहावे अशी माझी विनंती आहे. आपण तो अध्याय वाचावयाचा आला की नावांची यादी म्हणून भरभर उरकतो. परंतु पौलाचे ते मोठे पत्र ज्याने हाताने लिहून काढिले, तो स्वतः मध्येच एक ओवी आपली घालतो, आणि आपले नाव तर्तिय असे सांगतो. तर्तिय या लॅटिन शब्दाचा अर्थ 'तिसरा'. त्याच्या पुढच्याच ओवीत क्वर्त येतो. क्वर्त म्हणजे 'चौथा'. हे दोघे बहुधा गुलाम किंवा मुक्त झालेले गुलाम असावेत असे विद्वान म्हणतात. कोणा धन्याच्या घरी पोरे जन्मली, आणि त्यांस नाव शोधण्याचाही त्रास न घेता आकडा दिला! त्याच ओवीत नगराचा खजिना सांभाळणारा एरास्त हा मोठा अधिकारीही सलाम सांगत आहे. पौल एरास्ताच्या नावापुढे त्याचा हुद्दा लिहितो. क्वर्ताला हुद्दा नव्हता. त्याच्या नावाबरोबर पौल 'बंधु' हा शब्द घालतो. चौथा तो चौथाच राहिला, परंतु त्याला त्या नावाने हाक मारणारा आता धनी नव्हता.

ओनेसिमाचेही असेच आहे. त्या नावाचा अर्थ 'उपयोगी'. बैलाला किंवा अवजाराला शोभणारे हे नाव गुलामांस सर्रास देत असत. फिलेमोनाला लिहिताना पौल त्या अर्थावर थोडा विनोदही करितो : पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुला व मला दोघांनाही उपयोगी आहे. असा विनोद करून तो तेथेच थांबता, तर ओनेसिम चांगला गुलाम एवढाच उरता. परंतु पुढे त्याला प्रिय बंधु म्हणून परत घ्यावे असे तो सांगतो.

आता आपल्या घरांतील पाळण्यांकडे येऊ. धोंडू, दगडू, कचरू, केरबा, भिकू ही नावे आपल्या वाडवडिलांत किती होती! शहरातील मनुष्य ती ऐकून हसतो. परंतु त्यांचा उगम हसण्याजोगा नाही. ज्या आईची दोनतीन लेकरे पाळण्यातच गेली, ती पुढच्याला दगड म्हणे, केरात लोळवी, कोणाकडून भीक म्हणून परत घेई, हेतू हा की मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये. चीनच्या खेड्यांत कुत्र्याने टाकलेले उष्टे अशा अर्थाचे लाडके नाव मुलाला याच भीतीने देत. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांत लेकरे वारंवार दगावली तर पुढच्याचे नाव कोकुमो ठेवितात. त्याचा अर्थ 'हा आता मरणार नाही'. आपण ख्रिस्ती लोक दृष्ट लागण्यावर विश्वास ठेवीत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या दगडूच्या आईचे काळीज मला कळते. तिने ओंगळ शब्दात आपली सर्व माया गुंडाळून ठेविली होती.

नकुशा या नावात तशी माया गुंडाळलेली नाही. दगडू म्हणणाऱ्या आईला ते लेकरू हवे होते. नकुशा म्हणणाऱ्या घराला ते नको होते. होशेय संदेष्ट्याच्या घरीही अशी एक मुलगी जन्मली होती. तिचे नाव लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही ती. ते नाव देवाच्या आज्ञेने, इस्राएलाच्या बेइमानीची निशाणी म्हणून ठेविले होते. तथापि दुसऱ्याच अध्यायात देव स्वतः त्यातील नकार काढून टाकितो आणि 'रुहामा' एवढेच ठेवितो. क्रोधाने दिलेले नावही देवाने तसेच राहू दिले नाही; मग सुइणीच्या तोंडून मुलगी झाली हे कळताच पडलेल्या चेहऱ्यांनी जे नाव दिले ते आपण जन्मभर का चालवावे?

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात असे झाले की, ज्यांचे नाव नकुशा किंवा नकोशी असे होते अशा २८५ मुलींस शासनाने एका समारंभात एकत्र बोलाविले आणि प्रत्येकीस नव्या नावाचे प्रमाणपत्र व फुलांचा लहानसा गुच्छ दिला. मुली वेण्या घालून, आपले उत्तम कपडे घालून आल्या होत्या. नवी नावे पुष्कळ जणींनी स्वतः निवडिली. हे काम सरकारी अधिकाऱ्यांनी केले याबद्दल मी देवाची स्तुती करितो. आणि ते ख्रिस्ती मंडळ्यांनी आधी केले नाही याची मला लाजही वाटते. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या चाळून पाहिल्या तर हे नाव त्यांत सापडणारच नाही अशी शपथ किती पाळक घेऊ शकतील?

आणि आता त्या दफनविधीविषयी. 'नकुशा' असे लिहिण्यास माझा हात वळेना. मी लग्नातले नाव लिहिले, तेच प्रार्थनेत घेतले, आणि आपण त्या बाईचा मान राखिला असे मला वाटले. विधी आटोपल्यावर लोक पांगले. तेव्हा ती माहेरची म्हातारी काठी टेकीत माझ्याजवळ आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती म्हणाली, "पाद्रीबाबा, तुम्ही घेतलेलं नाव कुणाचं ते मला कळलंच नाही. आम्ही दोघी एका विहिरीवर पाणी भरलं. मी तिला नकुशाच म्हणायची. माझ्या तोंडून ती 'ओ' द्यायची."

मी त्या रात्री पुष्कळ वेळ जागा राहिलो. ज्या शब्दात बापाने तिला टाकिले होते त्याच शब्दात या मैत्रिणीने तिला सत्तर वर्षे जवळ धरिले होते. आणि मी, शब्दाचा अर्थ पाहणारा, तिला परक्या नावाने मातीत ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी मी नोंदवहीत लग्नातल्या नावाखाली दुसरे नावही लिहिले. बरोबर केले की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र तेव्हापासून नियमाने करितो : घरी भेटीस गेलो म्हणजे प्रत्येक वृद्ध भगिनीस तिचे माहेरचे नाव विचारितो, आणि तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते तेही विचारितो. पुष्कळजणी आधी लाजतात. एका आजीबाईंना उत्तर देण्यापूर्वी डोळे पुसावे लागले.

पालकांस माझी विनंती अशी की, बाप्तिस्म्यासाठी लेकरू आणाल तेव्हा नाव ठरवून आणा, आणि ते तिला मोठेपणी मोठ्याने सांगता येईल असे असू द्या. शास्त्रातलेच असावे असा माझा आग्रह नाही. पंचायतीतील वडिलांस विनंती अशी की, नोंदवहीत 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची आई' असे लिहून थांबू नये. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घातलेच पाहिजे असा नियम महाराष्ट्र सरकारने केला आहे. मंडळीची वही सरकारच्या वहीमागे राहू नये. सुनेचे नाव बदलण्याच्या चालीविषयी मी येथे अधिक लिहीत नाही. तिला विचारावे, एवढे तरी व्हावे.

आता हागारेकडे परत जाऊ, कारण तिची कथा सोळाव्या अध्यायात संपत नाही. ती दूताच्या सांगण्यावरून परत गेली. तिला मुलगा झाला, आणि अब्रामाने त्याचे नाव इश्माएल ठेविले, म्हणजे 'देव ऐकतो'. हे नाव दूताने झऱ्यापाशी हागारेला सांगितले होते. तेव्हा ते अब्रामाला तिच्याच तोंडून कळले असावे. अंगणात खेळणाऱ्या पोराला तो जेव्हा जेव्हा हाक मारी, तेव्हा तेव्हा देव कोणाचे ऐकतो हे त्याच्या स्वतःच्या तोंडून निघे. साराने मात्र शेवटपर्यंत तिचे नाव घेतले नाही. एकविसाव्या अध्यायात, इसहाकाचे दूध तोडल्याच्या मेजवानीनंतर, या दासीला आणि तिच्या मुलाला हाकलून द्या, असे ती म्हणते. अब्राहामाला ते फार जड गेले; तरी त्याने भल्या पहाटे भाकर आणि पाण्याची मसक हागारेच्या खांद्यावर देऊन तिची बोळवण केली.

बैर-शेब्याच्या रानात पाणी संपले. तिने मुलाला झुडपाखाली टाकिले आणि बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर जाऊन बसली, कारण त्याचे मरण तिला पाहवेना. तेथे आकाशातून दुसऱ्यांदा हाक आली. पहिल्या वेळी दूताने नावाला 'सारायची दासी' हे शब्द जोडिले होते. या वेळी त्याने ते जोडिले नाहीत. तो नुसते 'हागारे' म्हणाला, आणि तुला काय झाले, असे तिला विचारिले.